साबणाच्या लाट्या

उन्हाळ्यात नशिराबादला खरा मान कूलरवाल्याला. एरवी जे लोक हितेंद्रला नुसतं ‘ए’ करून हाक मारतात, तेच एप्रिल लागला की ‘हितेंद्रभाऊ, चहा घेऊन जा ना’ म्हणत दारात उभे राहतात. पारा पंचेचाळीसच्या वर चढला की माणसाला पक्ष आठवत नाही, भाऊबंदकी आठवत नाही, फक्त बंद पडलेला पंप आठवतो. हितेंद्र दिवसभर लोकांच्या खिडक्यांना लटकून पंप बदलतो, ताट्यांत नवं गवत भरतो, आणि संध्याकाळी घरी येऊन तापलेल्या पत्र्याखाली पुठ्ठ्याने वारा घेत बसतो. कूलरवाल्याच्या घरात कूलर नाही. यावर आमच्या गल्लीत पुष्कळ विनोद झाले. मी पण दोन-चार केले. मग कारण कळलं आणि विनोद आपोआप बंद पडले.

कारण म्हणजे त्याची पोरगी, ऋतिका. पाच वर्षांची. कूलरमध्ये पाणी ठिबकल्याचा आवाज आला तरी कानांवर हात दाबून कोपऱ्यात बसायची.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो तेव्हा घरात जे जे पोकळ आहे ते सगळं लोक भरून ठेवतात. हितेंद्रच्या अंगणातही एक मोठं निळं टिपाड, म्हणजे प्लास्टिकचं पिंप, आहे. मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी ऋतिका विटा रचून त्यांवर चढली, डब्याचं झाकण पाण्यावर तरंगवायला. वाकली आणि डोक्यावर आत गेली. हितेंद्र कामावर होता. तिची आई मोहिनी त्याच्या आदल्या पावसाळ्यात काविळीने गेली होती. शेजारच्या पुष्पाबाईंना टिपाडाच्या वर दोन पाय दिसले म्हणून पोरगी वाचली. पायांना धरून त्यांनी तिला उलटी बाहेर ओढली.

पोरगी वाचली, पण पाण्याशी तिचं कायमचं बिनसलं. पिण्याचं पाणी चालायचं, तेही स्टीलच्या छोट्या पेल्यातून. अंगावर एक तांब्या ओतला की ती लाकडासारखी ताठ व्हायची आणि जो आवाज काढायची त्याला रडणं म्हणता येणार नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा समोरच्या घरातले लोक धावत आले होते. हितेंद्रने सगळं करून पाहिलं. बादलीत खेळणी टाकली. स्वतः तिच्यासमोर कपड्यांसकट अंघोळ केली. चॉकलेट दाखवलं, एकदा रागावून धपाटा घातला आणि नंतर स्वतःच न्हाणीत बसून राहिला. शेवटी ओल्या फडक्याने पुसायचं, इतक्यावर तडजोड झाली.

थंडीत ते खपून गेलं. उन्हाळा सुरू झाला आणि पुसण्याने काम भागेना. आधी घामोळ्या आल्या, मग त्यांचे फोड झाले, ते मानेवरून केसांत शिरले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, “रोज साबणाने स्वच्छ धुवायचं. घाणीवर मलम लावून काही होणार नाही.” बालवाडीच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की बरी झाली की पाठवा, बाकीच्या मुलांचे पालक विचारतात.

एवढ्यात बोदवडहून सासऱ्यांचा फोन आला.

सासरे म्हणजे रतिलालआबा. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण घंटी अजून त्यांच्याच हातात आहे अशा थाटात बोलतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्या खान्देशात आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या घरात लेक नसेल तर तो सण कसा काढायचा ते त्या घरालाच ठाऊक. आबा म्हणाले, “मोहिनी तर नाही. तिची पोर तरी आखाजीला आमच्या दारात यायला पाहिजे. आम्ही न्यायला येतो.”

“या ना आबा. चार दिवस राहील, मी घ्यायला येईन.”

“ते आल्यावर पाहू. तिच्या डोक्यातल्या फोडांचं ऐकलं आम्ही. पोर नीट दिसली तर चार दिवसांनी परत. तशीच दिसली तर इथंच शाळेत घालतो. बाप्याच्या हातून पोरगी वाढत नाही, जावईबापू. यात तुमचा दोष नाही.”

दोष नाही असं म्हणून माणूस किती दोष देऊ शकतो, ते हितेंद्र मला दोन्ही हात हलवून सांगत होता. मग एकदम थांबला. “नेतील रे. आणि एकदा नेली की मी कोणत्या तोंडाने मागू? खरंच तर आहे, मला धुता येत नाही तिला.”

त्या आठवड्यात तो मोबाईलवर जे सापडेल ते पाहत होता. ‘मुलं अंघोळीला घाबरतात, काय करावं’ असं विचारलं की मोबाईल काहीही दाखवतो. त्यात एक बाई सापडली. पांढऱ्याशुभ्र ओट्यापाशी उभी राहून हिंदीत बोलत होती: कॉर्नफ्लोअर घ्या, त्यात मुलांचा अंघोळीचा लिक्विड साबण घाला, थोडं तेल, कणकेसारखं मळा, झाला मऊ खेळता येणारा साबण. तिची मुलं त्याचे हत्ती, ससे करत होती आणि तेच हत्ती, ससे अंगाला चोळून हसत अंघोळ करत होती. हितेंद्रने तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की त्या बाईचा आवाज आम्हालाही पाठ झाला.

पहिला प्रयोग मैद्याचा. कॉर्नफ्लोअर आणायला जळगावला कोण जातं, पीठ ते पीठ, असा त्याचा हिशोब. जे तयार झालं त्याने त्याची बोटं, परात आणि मनगटावरचं घड्याळ एकमेकांना चिकटली. मी म्हटलं, “निवडणुकीला पोस्टर लावायला उपयोगी पडेल, ठेवून दे.” तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन कॉर्नफ्लोअर आणलं. या वेळी गोळा असा भुगाभुगा झाला की मुठीत दाबला तर मूठ, सोडला तर रांगोळी. ऋतिका दाराच्या चौकटीला टेकून बापाचा खेळ पाहत होती. बाप परातीसमोर मांडी घालून, घामाने भिजलेला, आणि आखाजी दोन पावलांवर.

तेव्हा पुष्पाबाई आल्या. यांचं माहेर धुळ्याकडचं. इतकी वर्षं इथे काढूनही बोली तिकडचीच. उन्हाळ्यात गावभरच्या उडदाच्या पापडांचं पीठ त्यांच्या हाताखालून जातं.

“काय करी राहिना रे हितेंद्र?”

“साबण करतोय, अक्का.”

“दुकानमा सरना का साबण?” मग त्यांनी परातीत बोट घातलं. “हाई काय शे? असं मळतस का? सरक तिकडे.”

त्यांनी पापडाच्या पिठाला करतात तेच केलं. हाताला तेल लावलं, भुगा गोळा करून परातीत तळव्याने दाबत राहिल्या, पुन्हा तेलाचं बोट, पुन्हा दाबणं. साबण थेंबाथेंबाने. पीठ गपकन एक झालं नाही, हळूहळू शरण आलं. मग त्यांनी त्याची लांब वळी केली, सवयीने दोऱ्याचं एक टोक दातात धरलं आणि सटासट लाट्या कापल्या. हितेंद्रने खिशातून रंगाची पुडी काढली. त्या ओरडल्या, “रंग नको! पोरना अंगले खाज सुटी. आधीच फोड शेतस.”

म्हणून त्या लाट्या पांढऱ्याच राहिल्या, तेलाने चकचकणाऱ्या.

ऋतिकाने एक लाटी उचलली. दाबली. वास घेतला. तिचा साप केला, सापाचा जिना केला. मग हात बुळबुळीत झाले ते तिला आवडेना. तिने फ्रॉकला पुसले, निघेनात. बापाकडे पाहिलं. हितेंद्रने श्वास रोखून वाटीभर पाणी पुढे सरकवलं, मांजरासमोर दूध सरकवावं तसं. तिने एक बोट बुडवलं. बोटाला फेस आला. ते बोट तिने बराच वेळ पाहिलं आणि दुसरं बुडवलं.

हितेंद्रने वाटी आणखी बोटभर पुढे सरकवली.

पुढचे दिवस गल्लीला दुसरा विषय नव्हता. आज कोपरापर्यंत आली. आज पायांना पिठाच्या चपला केल्या आणि त्या ‘काढायला’ स्वतः तांब्या मागितला. आज पोटावर पोळी लाटली. कूलर दुरुस्त करून घेणारे लोकसुद्धा आधी विचारायचे, “कुठवर पोचली?” आणि हितेंद्र खिडकीला लटकल्या लटकल्या सांगायचा, “खांद्यापर्यंत!” डोकं तेवढं बाकी होतं. डोक्यावर पाणी म्हणजे तिच्यासाठी पुन्हा टिपाड. पण मानेवरचे फोड सुकत चालले होते आणि त्याने आबांना फोन करून सांगितलं, “या तुम्ही. पाहाच.” या आवाजात मी त्याला मोहिनी गेल्यापासून बोलताना ऐकलं नव्हतं.

आखाजीच्या आधी पुष्पाबाईंच्या अंगणात पापडांचा दिवस होता. आठ-दहा बाया, पोळपाट, खाटांवर वाळणारे पापड, आणि भोवती घिरट्या घालणारी पोरं. पापडापेक्षा पोरांचं लक्ष लाट्यांवर. उडदाच्या पिठाची कच्ची लाटी तेलात बुडवून खाणं हा आमच्याकडचा प्रत्येक लहान माणसाचा हक्क आहे. मी अजूनही सोडत नाही. कोणीतरी बाई हात न थांबवता म्हणणारच, “घे रे, एकच घे,” आणि पोरगं तीन उचलणारच.

हितेंद्रला त्या सकाळी लवकर निघायचं होतं. ऋतिकाला त्याने पुष्पाबाईंकडे सोडलं. अंघोळीच्या ताज्या लाट्या अक्कांनी सकाळीच करून, सुकू नयेत म्हणून तेल लावून, ताटलीत झाकून ठेवल्या होत्या. त्याच अंगणात. त्याच दोऱ्याने कापलेल्या, तशाच पांढुरक्या. झाकण कोणी काढलं ते आजवर कोणी कबूल केलेलं नाही. एका बाईने ऋतिकाला ताटलीसमोर घुटमळताना पाहिलं आणि मायेने म्हणाली, “खा गं बाई, लाजते काय? आईविना पोर.”

ऋतिकाला शंका आली असणार. पण सगळी पोरं खात होती. मोठी माणसं सांगत होती. तिने लाटी तेलात बुडवली आणि खाल्ली. मग दुसरी खाल्ली.

ती ओकायला लागली तेव्हा तोंडातून फेस येत होता. कोणी म्हणालं फिट आली, कोणी कांदा आणायला पळालं. पुष्पाबाईंना ताटली दिसली आणि त्या जागीच खाली बसल्या. “साबण खाई टाका पोरनी. मन्हा हातना साबण.”

मी रिक्षा आणली. हितेंद्रला शिडीवरून खाली बोलावलं. जळगावच्या दवाखान्यापर्यंत तो पोरीच्या तोंडाचा फेस शर्टाने पुसत होता आणि तिला एकच सांगत होता, “थुंक बेटा, थुंक, थुंक.” ती थुंकत होती आणि रडत सांगत होती, “कडू होती, पप्पा. तरी मी खाल्ली. त्यांनी खा म्हटलं.”

डॉक्टरांनी तपासलं, ओकारी थांबेपर्यंत बसवून ठेवलं. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “साबण खाण्याच्या वस्तूसारखा का केला होता?” प्रश्न साधा होता. उत्तर माझ्याकडे होतं, पण पापड, दोरा, तेल, लाट्या हे सगळं त्या टेबलासमोर सांगायला लागलो असतो तर त्यांनी आम्हालाच दाखल करून घेतलं असतं.

बातमी आमच्या आधी बोदवडला पोचली. ती पोचेपर्यंत तिचं रूपही बदललं होतं: बापाने पोरीला साबण खाऊ घातला.

दुसऱ्या दिवशी आबा आणि सासूबाई, सुंदरबाई, दारात हजर. हितेंद्रने चहा टाकला. तो उतू गेला. आबांनी खुर्चीत बसून घराकडे एकदा पाहिलं, भरलेल्या गाडीकडे पाहावं तसं.

“जावईबापू, आता बोलायला काही ठेवलं नाही तुम्ही.”

“आबा, ती खांद्यापर्यंत अंघोळ करते आता. स्वतः. विचारा तिला.”

“आणि पोटातून पण करते म्हणे.”

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. पुष्पाबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, “चूक मन्ही शे, भाऊ. त्याले काय बोलतस?”

“चूक कोणाची का असेना, अक्का. पोर तर एकच आहे.” आबांचा आवाज इथे फाटला. “आमची एक गेली. दुसरी आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात पाठवायची का?”

सुंदरबाईंनी ऋतिकाला मांडीवर घेतलं, तिचे केस बाजूला करून डोक्यातले फोड पाहिले आणि पदर तोंडाला लावला. हितेंद्रने ते पाहिलं. त्यानंतर त्याने वाद घातला नाही. फ्रॉक घडी केले, मलमाची नळी ठेवली, कॉर्नफ्लोअरचं पाकीट आणि साबणाची बाटली ठेवली. सुंदरबाईंनी पाकीट आणि बाटली बाहेर काढून ठेवली. “हे नको आता. साबण बोदवडलाही मिळतो.”

ऋतिकाने विचारलं, “पप्पा, तू कधी येणार?”

“कूलर संपले की येतो.”

“कूलर कधी संपतात?”

आबा म्हणाले, “चला, चला. गाडी निघून जाईल.”

ती गेली. हितेंद्र कामावर जात राहिला, कारण उन्हाळ्यात कूलरवाल्याला दुःख करायला कोणी वेळ देत नाही. लोक पंप बसवून घेताना विचारायचं टाळत. घरी तो काही शिजवत नव्हता. पुष्पाबाई ताट आणून ठेवायच्या, कधी तो खायचा, कधी तसंच परत जायचं. बोदवडला फोन लावला की आबा उचलत: “मजेत आहे. झोपली आहे.” भर सकाळी झोपली आहे. एकदा मागून तो आवाज ऐकू आला, लाकडासारख्या ताठ झालेल्या पोरीचा, आणि फोन कट झाला. हितेंद्र फोन हातात धरून अंगणात उभा राहिला. मग चप्पल न घालता हायवेपर्यंत गेला. मी गाडीवर मागे गेलो. बोदवडला जाणार होता की काय, त्यालाही माहीत नव्हतं. “जाऊन काय सांगू? परत द्या म्हणू? माझ्याकडे असताना तिने साबण खाल्ला, हे तर खरंच आहे ना?” ट्रक जात होते, धूळ उडत होती. मी त्याला मागे बसवून परत आणला.

मग एका सकाळी फोन तिकडूनच आला. सुंदरबाई. आबा बाहेर गेले होते असं वाटतं, कारण त्या दबक्या आवाजात बोलत होत्या. पुष्पाबाई ताट घेऊन आल्या होत्या, मी माझ्या दुकानावर जाता जाता डोकावलो होतो. हितेंद्रने स्पीकर लावला.

“जावईबापू, पोर ऐकत नाही हो. दोघं धरतो तरी होत नाही. काल तिने ह्यांचा हात चावला. डोक्यात पुन्हा वाढलंय. ती सारखी म्हणते, पीठ दे, पीठ दे. मी कणीक दिली तर फेकून दिली. ते तुमचं पीठ कसं करतात?”

हितेंद्रने तोंड उघडलं. पुष्पाबाईंनी झटकन पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. फोनवर दुसरा हात ठेवला आणि कुजबुजल्या, “सांगू नको. येडा शे का तू? आठेच व्हस म्हना ते, तठे नही व्हस. आठे लई या म्हना पोरले. दोन दिनमा लई येतीन.”

‘ते इथेच होतं, पोरीला इकडे घेऊन या’, एवढं एक खोटं सांगायचं होतं. बोदवड काही लांब नाही. त्या माणसांचा जीव पोरीवर होता. त्यांनी खरंच आणली असती. माझंही मत अक्कांसारखंच होतं आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार, कारण हितेंद्रने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“हॅलो? जावईबापू? ऐकू येतंय का?”

फोनमधून ऋतिकाच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता, दमलेल्या, बराच वेळ चाललेल्या रडण्याचा. मग हितेंद्रने पुष्पाबाईंचे दोन्ही हात हळूच बाजूला केले.

“आई, कॉर्नफ्लोअर मिळेल तिकडे? किराणा दुकानात विचारा, नाहीतर बेकरीवाल्याकडे. मैदा नका घेऊ.”

पुष्पाबाईंनी कपाळावर हात मारला आणि पाठ फिरवून बसल्या.

दुपारी सुंदरबाईंनी परत फोन केला, या वेळी व्हिडिओ. त्यांना नुसतं ऐकून जमत नव्हतं. हितेंद्रने मोबाईल डब्याला टेकवून उभा केला, इकडे आपली परात घेतली आणि त्यांच्याबरोबर मळायला बसला. त्यांची कॉर्नफ्लोअरची पिशवी तिकडे, आपलं पाकीट इकडे. “साबण थेंबाथेंबाने, आई. तसं नाही, ओतू नका. आता तेलाचं बोट. दाबा. अजून दाबा.” सुंदरबाईंचा भुगाच होत होता. पुष्पाबाई पाठ फिरवून बसल्या होत्या त्या शेवटी न राहवून फोनसमोर आल्या आणि ओरडल्या, “जोर लाव व बाई! भाकरी थापी राहिनी का?”

“आणि रंग घाला,” हितेंद्र म्हणाला. “हिरवा घाला, निळा घाला, काहीही. पण रंग घालाच. आणि ताटलीत उघडं ठेवू नका.”

“बरं.”

गोळा झाला. फोनच्या चौकटीत एक छोटा हात आला आणि तो उचलून गेला. मग ऋतिका दिसेना, फक्त आवाज. ती सुंदरबाईंना काहीतरी शिकवत होती, असं नाही गं आजी, आधी साप. बराच वेळ असंच चाललं. हितेंद्र आपला गोळा हातात धरून पडद्यावरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहत होता.

“पप्पा,” ती दिसत नव्हती, “हात चिकट झाले. पाणी घेऊ?”

“घे,” हितेंद्र म्हणाला.